तारेवरचा पंचनामा

मामा जाऊन आता दुसरा पावसाळा संपला. तरी घट बसायच्या सुमारास सकाळी सहाला फोन वाजला की माझा हात आधी दुर्बिणीकडे जातो आणि मग फोनकडे. फोन बहुतेक क्लासमधल्या एखाद्या पालकाचा असतो, "मॅडम, आज पोरगी येणार न्हाय, ताप हाय," एवढंच सांगायला. मी बरं म्हणते आणि उगाच गॅलरीत जाऊन समोरच्या तारा बघते. राजारामपुरीतल्या तारांवर कावळे आणि केबलची भेंडोळी यांच्याशिवाय काही नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ही खोड मला मामांनी, म्हणजे यशवंत कांबळे यांनी लावली.

कांबळे कोर्टात बेलीफ होते. उभी नोकरी समन्स बजावण्यात आणि नोटिसा दारावर चिकटवण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात किंवा मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये राजकारण करतात. कांबळे पक्ष्यांच्या मागे लागले; नाद नोकरीतलाच, आता पूर्णवेळ. तेही आपल्याकडे बारा महिने राहणाऱ्या पक्ष्यांच्या नव्हे. पावसाळा सरला की उत्तरेकडून जे येतात आणि थंडी संपली की निघून जातात, तेवढ्याच पक्ष्यांशी त्यांचं काम. "हितल्यांचं काय, ते घावतातच," असं म्हणायचे. "पत्ता बदलणारा असामी गाठणं ह्यात खरी नोकरी हाय."

त्यांची माझी गाठ कळंबा तलावाच्या काठावर पडली. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं आणि मी कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी चालत होते. समोर एक उंच, वाळका माणूस हात आडवा करून उभा राहिला. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. खांद्याला कोर्टात असते तसली कापडी पिशवी.

"ओ ताई, जरा थांबा. दोन मिनिटं डोळं द्या."

"काय द्या?"

"डोळं. पंच पायजे एक. सही करायला येती न्हवं?"

एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या बाईला हे कुणी विचारलं नव्हतं. राग आला, पण तेवढ्यात त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि पाण्यातल्या दगडाकडे बोट केलं. दगडावर एक सडपातळ पक्षी होता. वरून करडा, खालून पिवळा, आणि शेपटी एकसारखी वरखाली. मी परत निघणार, तर त्यांनी पिशवीतून फुलस्केप वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मग मला वाचून दाखवलं.

"आज रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही खाली सह्या करणारे पंच कळंबा तलावाच्या पूर्व काठावर समक्ष हजर राहून पाहिले की, धोबी जातीचा एक पक्षी, रंगाने करडा, पोटाखाली पिवळा, शेपटी वरखाली करीत असलेला, दगडावर हजर मिळून आला. पक्ष्याने कोणतीही हरकत घेतली नाही. पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे."

मी हसत सुटले. ते हसले नाहीत. काळं पेन पुढं केलं आणि म्हणाले, "हितं सही. पूर्ण नाव."

मामांचा नियम एकच होता. पक्षी दोघांनी बघितला असेल तरच वहीत जायचा. एक ते आणि दुसरा जो कोणी सापडेल तो. दूधवाला, जाळं टाकणारा, धुणं धुणारी, क्लासला दांडी मारून बसलेलं जोडपं, कुणीही चालायचं. दुसरा पंच नाही मिळाला तर पक्षी गेला वाया. यातून रोज काही ना काही घडायचं. एकदा म्हशी धुणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थापट्या बदकं मन लावून बघितली, त्यांच्या चोची फावड्यासारख्या आहेत हेसुद्धा स्वतःहून सांगितलं, पण वही बघताच मागं सरला. "कोर्टात यायला लागंल का?" मामा म्हणाले, न्हाय. "मग सही कशाला?" म्हातारा म्हशी घेऊन गेला आणि बदकं पाण्यावर असून नोंदीत नाहीत म्हणून मामा दिवसभर धुसफुसत राहिले.

"एकट्यानं बघितलेलं म्हंजे बघितलेलं न्हवं," ते म्हणायचे. "एकट्याला काय बी दिसतंय."

याचं मूळ मला पुढे कळलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका घराला कुलूप आहे असं त्यांनी एकट्याच्या सहीनं लिहून दिलं. कुलूप होतंच. पण कोर्टात वकिलानं विचारलं, आणखी कुणी पाहिलं? कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर कागद परत केला. इतक्या वर्षांनंतरही ही हकीकत सांगताना मामांचा आवाज चढायचा. "कुलूप मी डोळ्यांनी बघितलतं, मॅडम. पितळी हुतं."

दुसरी सवयही नोकरीतलीच. ते कुणाच्या घरात शिरायचे नाहीत. आमच्याकडे यायचे, बेल वाजवायचे आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे. किती आग्रह केला तरी आत नाही. "बेलीफ आत जात नसतोय. आत गेलं की च्या, च्या झाला की वळख, आनी वळख झाली की कागद बजावताना हात अडखळतोय." मी म्हणायचे, मामा, आता कसला कागद? तर म्हणायचे, पायांना कोण सांगणार. चहा ते बाहेरच प्यायचे, कप कठड्यावर ठेवून, चप्पल पायात तशीच.

आणि ते पाय. गणपती विसर्जन झालं की त्या पायांना दम नसायचा. वैशाख-ज्येष्ठात हाच माणूस तासभर एका खुर्चीत पेपर वाचू शकत असे. भाद्रपद संपत आला की उठणं-बसणं सुरू. गच्चीवर जाऊन येणं, मोपेडला दोनदा किक मारून बंद करणं, जेवताना मधेच ताटावरून उठून खिडकीत जाणं. मामी दारातच मला सांगायच्या, "नवरात्र आलं की लोकांच्या अंगात देव येतोय, ह्यांच्या अंगात पाखरं येत्यात." मामी ठेंगण्या, ठसक्याच्या आणि त्यांच्या मते पक्षी ही फक्त गच्चीवरचं वाळवण खाणारी जात होती. पण आश्विनात त्या मामांची भाकरी फडक्यात बांधून दाराशी तयार ठेवायच्या. ताटावर बसवायचा प्रयत्न त्यांनी कधीच सोडून दिला होता.

मला ही अस्वस्थता आधी विनोदी वाटायची. दोन-तीन हंगाम त्यांच्याबरोबर हिंडल्यावर ती मलाच लागली. फळ्यावर गणित मांडताना बाहेर भोरड्यांचा थवा वळला की खडू थांबायचा. कोणीतरी कुठून तरी निघालेलं आहे, या घटकेला आपल्या डोक्यावरून जात आहे आणि आपण खोलीत आहोत, हे एकदा मनात आलं की खोलीत बसवत नाही.

मामांच्या या सगळ्या धावपळीच्या मुळाशी एक पान होतं. त्यांच्या पहिल्या वहीतलं चौदावं पान. तेराव्यावर पंचनामा, पंधराव्यावर पंचनामा, आणि चौदावं कोरं. नोकरीत असताना एका कार्तिकात ते शिरोळकडे समन्स घेऊन गेले होते. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर विजेच्या तारेवर त्यांना एक लहानसा ससाणा दिसला. काळपट, पोटाखाली विटकरी, आणि पाय लालभडक. पुस्तकात बघून ओळखला, अमूर ससाणा. पार उत्तरेतून येतो, दोन-चार दिवस आपल्या रानावरचे किडे-चतुर खातो आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. आपल्याकडे राहत नाही, फक्त जातो. मामा पंच शोधायला वस्तीपर्यंत पळत गेले, एका शेतकऱ्याला जेवणावरून उठवून आणलं, तोवर तार मोकळी होती. तेव्हापासून ते पान कोरं होतं. दर कार्तिकात मामा ती पहिली वही पिशवीत घालूनच शिरोळ-कुरुंदवाडच्या वाटा धुंडाळायचे. "पत्ता माझ्याजवळ हाय," म्हणायचे. "असामी घावत न्हाय."

आता माझ्या वाट्याचं सांगते. हे सांगायचं टाळायला मी आत्तापर्यंत बरंच काही सांगितलं.

दिवाळीनंतरची सकाळ होती. माझ्या स्कूटरवरून आम्ही शिरोळच्या पलीकडे गेलो होतो. मामा मागे बसले होते, म्हणजे बसले असं म्हणायचं, दर शंभर पावलांवर "थांबा" म्हणून उतरत होते. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या टेपचा गोंगाट, धूळ. अकराला माझ्या बारावीच्या बॅचची टेस्ट होती आणि पेपर माझ्याच पर्समध्ये होते. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मी स्कूटर वळवली. मामांचा गुडघा एकसारखा हलत होता, तो मला सीटवरून जाणवत होता.

थोडं आलो आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबा. तिसरी तार. खांबापासनं हातभर."

मी दुर्बीण लावली. ऊन थेट तारेच्या मागे होतं. झगझगाट, तार आणि तारेवर एक काळा ठिपका.

"दिसला?"

"थांबा जरा."

"पाय बघा, पाय. लाल हायत का?"

मनगटावरचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोरच होतं. दहाला दहा कमी. कोल्हापूरपर्यंतचा रस्ता, ट्रॉल्या, चाळीस मुलं जिन्यात उभी.

"दिसला," मी म्हटलं.

"पाय?"

"लाल."

त्याच क्षणी ठिपका उडाला. तो पक्षी होता एवढं मी शपथेवर सांगू शकते, त्यापुढे काही नाही. मामांनी स्कूटरच्या सीटवर वही उघडली. चौदाव्या पानाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी दोन शब्द खोडून पुन्हा लिहिले आणि खोडलेल्या प्रत्येक शब्दापाशी छोटी सही केली. मग मी पूर्ण नाव घातलं. टेस्ट अकराला सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मी नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन दाराशी गेले. मामांच्या हातात भडंगाचा पुडा होता. त्यांनी चपला काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या, उंबरा ओलांडला आणि सोफ्यावर पाठ टेकून बसले. माझा नवरा आतून आला तो बघतच राहिला. मामांनी दोन कप चहा घेतला, भडंग सगळ्यांना वाढलं, आमच्या फ्रीजवरची चित्रं बघितली, पंख्याचा आवाज येतो म्हणाले. तासभर बसले. पाय अजिबात हलत नव्हता. मी त्यांच्यासमोर बसून भडंग नुसतं बोटांनी चिवडत होते.

मी सांगणार होते. पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. पण तेवढ्यात हंगाम संपला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मामांचे डोळे गेले.

एकदम गेले नाहीत. साखर होतीच, तिनं डोळ्याच्या पडद्याला सूज आणली. राजारामपुरीतल्याच एका डॉक्टरांकडे मी त्यांना नेत असे. इंजेक्शनं झाली, थोडं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. मामांचं दुखणं विचित्र होतं, मधलं जात होतं आणि कडेकडेचं राहत होतं. "भिंत दिसती, मॅडम. भिंतीवरचं घड्याळ न्हाय दिसत. घड्याळाकडं बघितलं की घड्याळच नेमकं गायब." पक्षी बघणाऱ्याला यापेक्षा वाईट काय व्हायचं ते मला सुचत नाही. तरी दुर्बीण गळ्यात असायची.

मग मी रविवारी त्यांच्या घरी जाऊन वह्या वाचून दाखवू लागले. मामा दाराजवळच्या खुर्चीत, मी पायरीवर. एक वही पुराच्या पाण्यात भिजून फुगली होती, तिची पानं सुरीनं सोडवावी लागायची. त्यांना सगळं पाठ होतं. मी 'पश्चिम काठ' वाचलं की ते म्हणायचे, "दक्षिण. नीट वाचा," आणि तिथं दक्षिणच असायचं. शेवटच्या वहीपासून मागे मागे येत आम्ही आश्विनात पहिल्या वहीला लागलो. तेरावं पान झालं.

"आता चौदा," मामा म्हणाले आणि खुर्चीत सरळ झाले. "जरा सावकाश वाचा."

"आज रोजी सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही खाली सह्या करणारे पंच... समक्ष हजर राहून पाहिले की... ससाणा जातीचा एक पक्षी... पाय लाल..."

"का थांबलासा?"

मामी चहा ठेवायला आल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी सांगितलं. मी पाय बघितले नव्हते. मला ठिपका दिसला होता. तुम्ही लाल म्हणालात म्हणून मी लाल म्हटलं.

मामा खिशातल्या पेनाचं टोपण अंगठ्यानं चोळत राहिले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडत नाहीत याचाच मला राग यायला लागला.

"त्या दिशी टेस्ट हुती न्हवं तुमची?"

"हो."

"वेळंवर सुरू झाली?"

"झाली."

"मग बरं," ते म्हणाले. मग वहीकडं बोट करून म्हणाले, "लिवा. पंच क्रमांक दोन फितूर झाल्याने नोंद रद्द. सही करा."

मी लिहिलं आणि सही केली. मला वाटलं झालं.

"त्याच्या खाली लिवा. पाय लाल असल्याचे पंचास आधी सांगितले, ही चूक पंचनामा करणाराची. पंचाला 'काय दिसतंय' इचारायचं असतंय. हे दिसतंय का, असं इचारलं की माणूस व्हय म्हणतोय. जल्मभर दुसऱ्यांना शिकवलं मी हे." त्यांनी पेन घेतलं. मामींनी त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं आणि त्यांनी सही केली. ती सही ओळ सोडून वर गेली. मला रडू आलं. मामी म्हणाल्या, "च्या घ्या, गार हुतोय."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. दोन रविवार मी गेले नाही, माझी हिंमत झाली नाही. क्लासमध्ये मी मुलांवर उगाच ओरडत होते. दिवाळी आली, झाली. पानं वाचायची राहिली होती ती राहिलीच.

मग एका सकाळी सहाला फोन. "मॅडम, कार्तिक सराय लागला. गाडी काढतासा?"

तीन सकाळी आम्ही त्या रस्त्यानं हिंडलो. मामा मागे, गळ्यात दुर्बीण, पिशवीत पहिली वही. नियम बदलला होता. दोन पंच त्यांच्याशिवाय हवे होते, एक मी आणि दुसरा रस्त्यावरचा. आणि कुणी काही आधी बोलायचं नाही. मी स्कूटर थांबवायची, ते विचारणार, "काय दिसतंय?" मी सांगायचं. खरुची दिसली, ससाण्याचीच जात, पण पिवळ्या पायांची. वेडे राघू दिसले. भोरड्यांचा थवा फडावरून जाताना मामांनी मान तिरकी केली. डोळ्याच्या कडेतून त्यांना तो धुरासारखा दिसला असावा, कारण ते हसले. पण प्रत्येक रिकाम्या तारेनंतर त्यांचा गुडघा अधिक जोरात हलायचा. तिसऱ्या दिवशी परतताना म्हणाले, "आता न्हाय घावला तर पान रद्दच राहील. ऱ्हाऊ दे. पण रद्द पान घिऊन मला जायचं न्हाय."

चौथ्या सकाळी मला तो दिसला, खांबापासून हातभर. ऊन माझ्या पाठीशी होतं. मी ब्रेक मारला तो असा की मामा माझ्यावर आदळले.

"मामा..."

"गप. एक अक्षर बोलू नका. आनी एक माणूस बघा."

रस्त्यावर माणूस नव्हतं. एक ट्रॉली आली, मी हात केला, ड्रायव्हरला टेपच्या आवाजात काही कळलं नाही, तो हात हलवून पुढे गेला. तार धुळीत बुडाली. धूळ बसली. तो तिथंच होता. मामा नुसते माझ्या श्वासाकडे कान देऊन उभे होते. मागच्या वेळी ते वस्तीपर्यंत पळत गेले होते. आता त्यांना रस्त्याची कडही नीट कळत नव्हती.

बांधावरून एक बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन आली. पन्नाशीची, पदर खोचलेला, कमरेला विळा.

"कोण आलं? बाई हाय का?" पायरवानं मामांनी ओळखलं. "ओ अक्का, जरा भारा उतरा. दोन मिनिटं डोळं द्या."

"का वो? काय झालं?"

"तारेवर काय हाय, बघून सांगा."

"तुमास्नी दिसत न्हाय व्हय?"

"न्हाय," मामा म्हणाले. कुणाला तरी हे सरळ सांगताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मी तिला दुर्बीण दिली. तिनं आधी उलटी लावली, मग सुलटी. मी नुसतं चाक फिरवून दिलं, तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"पाखरू हाय," ती म्हणाली.

"केवढं?"

"पारव्यापरीस बारकं. काळपट. पाटीगत."

"आनी?"

"ताठ बसलंय. पोटाच्या खालच्या अंगाला तांबूस हाय, विटंगत." ती थांबली. मामांनी स्कूटरचा आरसा धरला होता, तो त्यांच्या मुठीत करकरत होता. "आनी पाय लाल हायत की वो ह्याचं. कुंकवात पाय दिल्यागत."

मामांनी डोळे मिटले. मिटून त्यांना काय फरक पडणार होता, पण मिटले.

"मॅडम, तुमी?"

"लाल," मी म्हटलं. "विटकरी पोट, लाल पाय. मला स्वच्छ दिसतायत."

मी सीटवर वही उघडली. चौदावं पान भरलं होतं, म्हणून त्यांनी सांगितलं, मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लिवा. ते बोलत गेले, मी लिहीत गेले, शेवटी वाचून दाखवलं. अक्कानं हात पुसला आणि झरझर सही केली. "मोबाईल नंबर घालू का?"

"घाला की."

"कोर्टात यायला लागंल?"

"न्हाय."

"आलो असतो की. बघितलंय ते सांगायला कसलं भ्याव," ती म्हणाली. भारा मीच तिच्या डोक्यावर चढवला आणि ती गेली. मी माझी सही केली, आणि काळं पेन मामांच्या हातात देऊन त्यांचं बोट कागदावर टेकवलं, मामी टेकवायच्या तसं.

त्यांनी बोट उचललं. "माझी कशाला?"

"मामा, एवढी वर्षं..."

"मी कुठं बघितलंय?" ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, कुलपाची गोष्ट सांगताना यायचा तो चढही नव्हता. "दोन पंच हायत. पुरं." पेनाचं टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं, निळ्याच्या शेजारी.

मामांना घेऊन पुन्हा बाहेर पडणं झालं नाही. पौषात त्यांचे पाय सुजले आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेले. म्हणून मला ते आठवतात ते त्याच रस्त्यावर. वही पिशवीत गेली होती. ते तारेकडे तोंड करून उभे होते, अगदी नेमके, खांबापासून हातभर अंतराकडे.

"हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

मी वर बघितलं. तार मोकळी होती. हो म्हणायला काहीच लागलं नसतं.

"गेला," मी म्हटलं.

"कुणीकडं?"

"मावळतीकडं. उसावरनं."

मामा सावकाश वळले, मावळतीकडं तोंड केलं आणि मान जराशी तिरकी धरली. दुर्बिणीला हात लावला नाही. तसेच उभे राहिले. पाय हलत नव्हते. अकराला माझी बॅच होती. मी स्कूटरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.